पाचवा बदाम

"सगळी!" घारोबा म्हणाला आणि आपल्यापुढची सगळी बटणं त्याने दोन्ही हातांनी टेबलाच्या मधोमध लोटली. शर्टाची बारकी, कोटाची जाडजूड, आणि त्यांच्यात एक पितळी बटण, जे गेल्या दोन महिन्यांत त्याच्याकडून कुणाला जिंकता आलं नव्हतं.

चष्मेवाल्याच्या हातात दोन राण्या होत्या, दोन नव्व्या होत्या आणि एक बिनकामाची तिर्री. पानं वाईट नव्हती. त्याने मान वर करून घारोबाच्या तोंडाकडे पाहिलं. हूल देणाऱ्या माणसाचं काही ना काही हलतंच. मास्तरांचा पाय हलतो. शिंपी गळ्यातली टेप उगाच गुंडाळायला लागतो. घारोबा मान थोडी तिरपी करून बसला होता आणि त्याचं काहीही हलत नव्हतं.

"बोल चष्म्या. बघायचंय?"

"नको रे बाबा. मी गेलो," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने आपली पानं पालथी घातली.

"वाटलंच मला," शिंपी म्हणाला. "दुनियेला बघायला लावून हा पोट भरतो, आणि स्वतःवर पाळी आली की डोळे मिटून घेतो!"

दर रविवारी दुपारी शिंप्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं, कापड बेतायचं टेबल मोकळं व्हायचं आणि चौघांचा पोकर सुरू व्हायचा. खेळ मास्तरांनी शिकवलेला. प्रत्येकाला पाच पानं, एकदा बदलायची मुभा, मग बोली. बोली बटणांची, कारण शिंप्याकडे बटणं पोत्याने होती आणि पैसे लावून खेळायला मास्तरांचा विरोध होता. समोरच्यावर संशय आला तर त्याच्याइतकी बटणं टाकायची आणि म्हणायचं, 'उघड.' हिंमत नसेल तर पानं टाकून द्यायची. या टेबलाचा स्वतःचा एक नियमही होता. ज्याने बटणं टाकली नाहीत, त्याने समोरच्याकडे काय होतं हे विचारायचं नाही. खेळ संपल्यावर नाही, घरी जाताना नाही, कधीच नाही. पंचवीस वर्षांत तो नियम कुणी मोडला नव्हता, आणि तो सगळ्यात काटेकोरपणे पाळणारा माणूस म्हणजे चष्मेवाला.

"मी बघणार," मास्तर म्हणाले. त्यांनी बटणं मोजून पुढे सरकवली. "उघड."

घारोबाने एकेक पान टेबलावर ठेवलं. ठेवताना त्याचा चेहरा उजळला होता. "पाच बदाम! वर एक्का! घ्या मास्तर, बघून घ्या पोटभर."

मास्तर पुढे वाकले. "चार बदाम आहेत, घारोबा. ही सत्ती चौकटची आहे."

घारोबाचा हात हवेतच थांबला. मग त्याचं बोट त्या सत्तीवर आलं, पानाच्या कोपऱ्यावरून एकदा फिरलं, आणि तो एवढ्या जोरात हसला की शिंप्याच्या हातातून टेप सुटली.

"पकडलंत की हो मास्तर! म्हटलं, एवढी मोठी हूल सहज खपून जाईल!"

"लबाड!" शिंपी म्हणाला. "उघडल्यावरसुद्धा रेटून बोलतोय बघा!"

सगळे हसले. चष्मेवालाही हसला, पण त्याची नजर त्या सत्तीवरून हलली नाही. हूल असते ती पान झाकलेलं असेपर्यंत. पान टेबलावर उताणं पडल्यावर चार माणसांच्या देखत त्याला भलतंच नाव देणारा खुळा त्याने आजवर पाहिला नव्हता, आणि घारोबा तर खुळा नव्हताच. घारोबाने हूल दिलीच नव्हती. त्याला ते पाच बदामच दिसले होते. खरी हूल त्याने नंतर दिली, हसून.

घारोबा मालाच्या यार्डात क्रेनवर होता. जमिनीपासून बहात्तर पायऱ्या वर, काचेच्या खोलीत बसून तो लोखंडी पाइपांचे गठ्ठे उचलायचा आणि खाली इशारे करणाऱ्या माणसाच्या मुठीकडे बघून इंचाइंचाने उतरवायचा. तिथूनच हे नाव पडलं होतं. एवढ्या उंचीवरून खाली पडलेला खिळा हेरणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? चष्मेवाला आणि तो एकाच गल्लीत वाढले. लहानपणी एकाला जाड भिंगं लागली आणि दुसरा झाडाच्या शेंड्यावरची कैरी नेमकी हेरू लागला. पुढे दोघांनी आपापल्या डोळ्यांना साजेसा धंदा धरला, असं मास्तर म्हणायचे.

त्या दिवशी घरी जाताना चष्मेवाला मुद्दाम अर्धं पाऊल मागे राहिला. घारोबा फूटपाथच्या कडेला आला, थांबला, बूट पुढे करून कड चाचपली आणि उतरला. समोरून कुणी हात केला तर मान बाजूला वळवून, तिरप्या डोळ्याने बघत होता. गेले काही महिने शिंपी त्या तिरप्या नजरेला मुरलेल्या जुगाऱ्याची नजर म्हणत होता. चष्मेवाल्याला आठवलं, दोनेक महिन्यांपूर्वी घारोबाने विचारलं होतं, "अहो शिंपी, शटर कुणी ठोकलं तुमचं? पट्ट्या सगळ्या वाकड्या झाल्यात." सगळ्यांनी वळून बघितलं होतं. पट्ट्या सरळच होत्या. तोही विनोदच समजला गेला होता.

सरळ रेघ वाकडी दिसते, मधलं पुसट होतं आणि कडेचं तेवढं दिसतं. चष्मेवाला काही डॉक्टर नव्हता. वडिलांच्या मागे त्याने भिंगं घासायचं दुकान चालवलं, एवढंच. पण तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर बसलेल्या माणसाला एवढं कळतं. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर काहीतरी होत होतं. त्याला चष्मा चालत नाही. त्याला मोठं इस्पितळ लागतं, डोळ्यात सुई घ्यावी लागते आणि तीही वेळेवर.

"मग विचारा ना सरळ!" रात्री जेवताना बायको म्हणाली. तिच्या बोलण्यात वळणं नसत. "एवढे लहानपणचे मित्र, आणि विचारायला दातखीळ बसते?"

"विचारलं आणि खरं निघालं, तर उद्याच्या उद्या त्याला क्रेनवरून उतरवतील. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत त्याच्या."

"आणि नाही विचारलं तर?"

"नसेलही तसं काही. वयाने होतं थोडंफार."

"तुमचं हे असंच," ती ताट उचलत म्हणाली. "वयाने होतं म्हणे."

तिला सगळं सांगण्यात अर्थ नव्हता, असं नाही. त्याला सांगवत नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी त्याने एकदा 'उघड' म्हटलं होतं. वडील तेव्हा भिंगं घासायचे आणि त्यांचा हात कापायला लागला होता. ते कबूल करत नव्हते. चाकाला दोष द्यायचे, काचेला दोष द्यायचे, गिऱ्हाईक परत आलं तर त्याच्या नाकाला दोष द्यायचे. एके दिवशी भरल्या दुकानात तो म्हणाला, "बाबा, तुमचा हात कापतोय. उठा, मी करतो." बोलणं खरं होतं, चूक काहीच नव्हतं. वडील उठले, हात पुसले आणि घरी गेले. पुन्हा त्या चाकापाशी ते बसले नाहीत. वर्षभर खिडकीशी बसून राहिले आणि नंतर गेले. आई एकदाच म्हणाली होती, "जरा दमाने घ्यायला हवं होतंस रे." तेव्हापासून तो सगळं दमानेच घेत आला होता.

दुकानात गिऱ्हाइकासमोरच्या भिंतीवर अक्षरांची पाटी होती. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. वडिलांच्या वेळची, पिवळी पडलेली, एक कोपरा फाटलेली. तशीच पाटी यार्डाच्या डॉक्टरच्या खोलीतही होती. एकाच छापखान्यातून आलेल्या दोघी. घारोबा हल्ली संध्याकाळी दुकानात येऊन बसायला लागला होता. चहा घ्यायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा. स्टुलावर बसायच्या ऐवजी पाटीच्या अगदी जवळच्या खुर्चीत बसायचा. चष्मेवाला मागच्या खोलीत चाकावर असला की पुढून पुटपुटल्यासारखा आवाज यायचा. आधी त्याला वाटलं, घारोबा म्हातारपणी देवाचं नाव घेतोय. आणि मग एक दिवस लख्ख कळलं. यार्डातली वर्षाची तपासणी जवळ आली होती. घारोबा पाटी पाठ करत होता.

चष्मेवाल्याने नवी पाटी मागवली. जुनी खराब झाली, असं त्याने बायकोला सांगितलं आणि जवळजवळ स्वतःलाही पटवलं. नव्या पाटीवरची अक्षरं वेगळ्या क्रमाने होती. गुरुवारी त्याने ती लावली.

शुक्रवारी घारोबा आला. खुर्चीत बसला, बशीत ओतून चहा प्याला, मिशा पुसल्या.

"सोमवारी तपासणी आहे माझी," तो म्हणाला.

"हो का?"

"डोळ्यांची पण. तुला काय वाटतं, पास होईन?"

"न व्हायला काय झालं?"

"बघच तू." घारोबा उठून पार दाराशी गेला. पाठ दाराला लावून ताठ उभा राहिला. "शेवटून दुसरी ओळ वाचतो. ऐक. र, ग, प, म, ल, न, त."

चष्मेवाल्याने पाटीकडे पाहिलं. शेवटून दुसऱ्या ओळीत 'त' नव्हता, 'ग' नव्हता. पहिलं अक्षर 'ब' होतं. घारोबाने जुनी पाटी एकही अक्षर न चुकता म्हणून दाखवली होती.

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. बाहेर एक हातगाडी खडखडत गेली. एक शब्द पुरे होता. तो चष्मेवाल्याच्या जिभेवर आलासुद्धा. पण त्याला घारोबाचे खांदे दिसले, परीक्षेला उभ्या राहिलेल्या पोरासारखे, आणि त्यांच्यामागे बहात्तर पायऱ्या दिसल्या, चौदा महिने दिसले, खिडकीशी बसलेले बाबा दिसले. सोमवार होऊन जाऊ दे, त्याने मनाशी म्हटलं. मग निवांत बोलू.

"घार ती घारच," तो म्हणाला.

घारोबा दाराशी तसाच उभा राहिला. मान तिरपी करून मित्राकडे बघत होता.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच."

"बरं." त्याने टोपी घातली. "चहा चांगला होता."

सोमवारी तो पास झाला. जुन्या पाटीवर.

त्यानंतरचा रविवार आला, त्याच्या पुढचा आला, आणि निवांत बोलायची वेळ काही येईना. कधी शिंपी सोबत असायचा, कधी घारोबाच लगबगीने निघून जायचा. खरं म्हणजे चष्मेवाल्याला निमित्तच हवं होतं, आणि ते त्याला दर आठवड्याला नव्याने मिळत गेलं. पोकरमध्ये घारोबा जिंकत होता. त्याची बोली कळेनाशी झाली होती. हातात काही नसताना डोंगर लावायचा, भारी पानं असताना टाकून द्यायचा. "याची हूल ओळखणं माणसाचं काम नाही," असं मास्तर कौतुकाने म्हणायचे. चष्मेवाला खाली मान घालून पानं जुळवत बसायचा.

मग एक दिवस दुपारी घारोबाची बायको दुकानात आली. ती कधी एकटी यायची नाही.

"भाऊजी, एक विचारू का?" तिने पदराखालून घारोबाचा वाचायचा चष्मा काढला. "हे म्हणतात, नंबर बरोबर आहे. पण परवा भरलेल्या तांब्याच्या शेजारी पाणी ओतलं यांनी. मी बोलले तर म्हणतात, अंधार होता. भर दुपारी कसला हो अंधार?"

चष्मेवाल्याने चष्मा हातात घेतला, उगाच उजेडात धरला, फडक्याने पुसला.

"मी काही बोलले की खेकसतात," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगितलंत तर मी मानेन. तुम्ही म्हणालात काळजीचं आहे, तर आज हाताला धरून नेते इस्पितळात. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. आणि तुम्ही म्हणालात नाही, तर नाही. पुन्हा विषय काढणार नाही."

आयुष्यात माणसाला एवढं सोपं करून कुणी विचारत नाही. नंतर कित्येक रात्री चष्मेवाला त्या क्षणाकडे परत जाऊन उभा राहिला. आपण हो म्हणायला तोंड उघडलं होतं, हे त्याला पक्कं आठवायचं. पण तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

"या वयात होतं वहिनी थोडंसं. मी बोलेन त्याच्याशी."

"नक्की ना?"

"नक्की."

तिचा जीव भांड्यात पडला. "तुम्ही आहात म्हणून बरं आहे," असं म्हणून ती गेली. चष्मा पुसण्याचे पैसे विचारले तिने, आणि तो हसून नको म्हणाला. त्या हसण्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

ती गेली तेव्हा पाच बदामांचा डाव होऊन तीन महिने झाले होते. आणखी दोन महिने गेले, आणि एका बुधवारी सकाळी यार्डातून निरोप आला.

माणूस मेला नव्हता. निदान ते तरी झालं नव्हतं. पाइपांचा गठ्ठा खाली येत होता आणि इशारेवाल्याने मूठ वर केली होती, म्हणजे थांब. घारोबाला वर केलेला हात दिसला होता. हाताच्या टोकाला काय आहे ते दिसलं नव्हतं. तिथे त्याला नुसता एक करडा ठिपका दिसत होता, गेले कित्येक महिने दिसत होता तसाच. गठ्ठा उतरत राहिला. इशारेवाल्याने बाजूला उडी मारली, आणि तो उभा होता तिथे त्याचा जेवणाचा डबा होता, त्याची भाकरीएवढी चपटी चकती झाली.

सगळे वर बघून ओरडत असताना क्रेनचं दार उघडलं. घारोबा बहात्तर पायऱ्या एकेक करून उतरला. लोक सांगत होते, अगदी सावकाश उतरला, दर पायरीवर बूट टेकवून बघत. तो थेट इशारेवाल्यापाशी गेला. त्याचे दोन्ही खांदे, दोन्ही हात चाचपून बघितले. मग खिशातून क्रेनची किल्ली काढली, साहेबांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मला दिसत नाही."

कुणी विचारलं नव्हतं. साहेब तर ब्रेक गेला का, असं विचारायला आले होते. हो म्हणाला असता, तर कदाचित खपलंही असतं.

मोठ्या इस्पितळात चष्मेवाला सोबत गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, रोखठोक बोलणाऱ्या होत्या. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर व्रण धरला होता, तिथे आता काही करता येणार नव्हतं. उजव्यात सुया देऊन पाहू, आहे तेवढं राखता येईल कदाचित.

"पाच-सहा महिने आधी आणलं असतं, तर दोन्ही डोळे वाचवता आले असते," त्या म्हणाल्या. "माणूस तिरपा बघायला लागतो, पायऱ्यांना अडखळतो. घरात, शेजारीपाजारी, कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

घारोबाच्या बायकोने चष्मेवाल्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली आणि मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"तुम्ही कोण यांचे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मित्र."

"काय करता?"

"दुकान आहे," चष्मेवाला म्हणाला. "छोटंसंच."

कसलं ते त्यांनी विचारलं नाही. आपण वाचलो असं त्याला क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल त्याला स्वतःची किळस आली.

बाहेर बाकावर दोघे बसले. बायको औषधं आणायला गेली होती. घारोबाच्या डोळ्याला पट्टी होती आणि तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

"माझं चुकलं," चष्मेवाला म्हणाला. हे एवढं बोलायला त्याला पाच महिने लागले होते. "मला माहीत होतं. त्या पाच बदामांच्या डावापासून माहीत होतं. मी बोलायला हवं होतं."

"हं."

"पाटी बदललेली तुला कळली नाही आणि तू जुनीच म्हणून दाखवलीस, तेव्हा तर—"

"मला कळली होती," घारोबा म्हणाला.

चष्मेवाल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मधलं दिसत नाही मला. भिंत दिसते. पिवळी गेली, पांढरी आली, एवढं कळतं की. दारात पाऊल टाकलं तेव्हाच कळलं." तो पट्टीच्या कडेवरून बोट फिरवत होता. "म्हटलं, चष्म्याने पाटी बदलली, म्हणजे याला संशय आलाय. बरं झालं. मला स्वतःहून बोलणं होईना रे. घरी निघताना ठरवायचो, बोलायचं, आणि तुझ्या दुकानात चहा पिऊन परत जायचो. म्हटलं, आता आपण जुनी ओळ घडाघडा म्हणू. हा म्हणेल, काय रे, काय वाचतोयस? मग सांगून टाकू."

"आणि मी..."

"तू म्हणालास, घार ती घारच." घारोबा थोडंसं हसला. "मी पान उताणं टाकलं होतं, चष्म्या. तरी तू बघितलं नाहीस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर चष्मेवाल्याला तो अंगावर घेता आला असता. तो तिथे बसून रडला, इस्पितळाच्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, आणि घारोबा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत राहिला, "पुरे रे. पुरे आता. ही आली म्हणजे काय म्हणेल?"

चार महिने रविवारी शटर अर्धं खाली आलं नाही. मग एक दिवस शिंप्यानेच निरोप धाडला.

चष्मेवाल्याने पत्त्यांचा नवा जोड आणला होता. भिंगांच्या कडा घासायच्या बारीक कानशीने त्याने बावन्न पानांच्या कोपऱ्यांना खाचा पाडल्या होत्या. बदामाला एक, चौकटला दोन, इस्पिकला तीन, किलवरला चार, आणि दुसऱ्या कोपऱ्याला पानाचा आकडा. आठ रात्री लागल्या. बायको एकदा जागी झाली, त्याच्या खांद्यावरून बघितलं आणि दिवा जवळ सरकवून गेली.

"म्हणजे आम्हीसुद्धा चाचपून खेळायचं?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा होता.

"तुम्ही बघून खेळा," घारोबा म्हणाला. "मी तुमच्यापेक्षा कमी फसेन."

पहिले दोन डाव अवघडल्यासारखे गेले. तिसऱ्या डावात घारोबाने पाचही पानांवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि दोन्ही हातांनी आपली बटणं पुढे लोटली. पितळी बटण पुन्हा त्यांच्यात होतं.

"सगळी," तो म्हणाला.

मास्तरांनी पानं टाकली. शिंप्याने टाकली. चष्मेवाल्याच्या हातात दोन तिर्र्या होत्या आणि बाकी नुसता कचरा. घारोबाच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. चष्मेवाल्याने आपली बटणं मोजली नाहीत, होती तेवढी सगळी मधे सरकवली.

"उघड," तो म्हणाला.

शिंप्याचा हात टेपवर थांबला. पंचवीस वर्षांत हा शब्द या माणसाच्या तोंडून या टेबलावर कुणी ऐकला नव्हता.

घारोबाने मान तिरपी केली, मित्र बसला होता त्या बाजूला. मग एकेक पान टेबलावर ठेवत गेला, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवून.

"बदाम. बदाम. बदाम. बदाम." पाचव्या पानावर त्याचा अंगठा जास्त वेळ राहिला. "हाही बदामच. बघ बरं, मास्तरांना विचार."

"पाचही बदाम," मास्तर हळूच म्हणाले.

"आज बघितलंस," घारोबा चष्मेवाल्याला म्हणाला.

"हो," चष्मेवाला म्हणाला.

घारोबा बटणं गोळा करायला लागला. डोळे भलतीकडे होते, आणि बोटं शर्टाची एका बाजूला, कोटाची दुसऱ्या बाजूला करत होती. पितळी बटण हाताला लागून टेबलावरून घरंगळलं, खाली फरशीवर पडलं आणि गोल फिरत शिंप्याच्या मशीनखाली जाऊन थांबलं. चौघांनीही ते ऐकलं. शिंपी वाकायला लागला, तेव्हा चष्मेवाल्याने त्याचा दंड धरला.

घारोबा खुर्चीवरून उतरून गुडघ्यांवर बसला होता. एक हात फरशीवर सपाट ठेवून, आवाज गेला त्या दिशेने तो सावकाश पुढे सरकत होता, आणि तिघेही त्याच्यासाठी थांबले होते.